आवक रजिस्टर आपलं आपल्याकडे

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत कुठे चुकत असेल तर लगेच लक्षात येईल. कर सल्लागाराचं ऑफिस, एकच सामायिक मेल खातं, आणि त्यावर व्यापाऱ्यांकडून खरेदीची बिलं पीडीएफ म्हणून येतात. पायथनमध्ये इमॅपलिब (इमॅप पद्धतीनं मेल सर्व्हरशी बोलणारी लायब्ररी) वापरून तुम्ही एक स्क्रिप्ट लिहिलीत. ती क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी प्रोग्रॅम चालवणाऱ्या सोयीतून, दर १० मिनिटांनी चालते, इनबॉक्समधले 'अनसीन' म्हणजे न वाचलेले मेल शोधते, पीडीएफ असेल तर ती काढून कॉम्प्युटरवरच्या एका फोल्डरमध्ये ठेवते आणि तो मेल 'झालेले' नावाच्या मेलफोल्डरमध्ये हलवते. पीडीएफ नसलेले मेल जागेवरच राहतात. तक्रारी चार आहेत. काही बिलं उशिरा येतात आणि काही येतच नाहीत. ऑफिसातल्या मॅडमना न उघडलेले मेलही वाचलेले दिसतात. लॉगमध्ये अधूनमधून 'ननटाइप सबस्क्रिप्टेबल नाही' अशी चूक पडते. आणि मराठी विषयाच्या मेलचा विषय कचऱ्यासारखा दिसतो. शेवटी तुम्ही विचारलंय की हे सगळं सोडून पॉप या मेल उतरवायच्या दुसऱ्या पद्धतीवर जाऊ का.

पॉपवर जाऊ नका. कारण पुढे सांगतो. (कमांड आणि फंक्शनची नावं मी तोंडी बोलतो तशी लिहितोय, टाइप करताना इंग्रजी स्पेलिंग वापरालच.)

पहिली गोष्ट म्हणजे 'न वाचलेला' ही खूण तुमच्या स्क्रिप्टची नाही. ती त्या खात्याची आहे आणि ते खातं मॅडम, त्यांचा फोन, साहेबांचा लॅपटॉप असे सगळे मिळून वापरतात. १० वाजता स्क्रिप्ट चालली. १० वाजून ३ मिनिटांनी व्यापाऱ्याचं बिल आलं. १० वाजून ५ मिनिटांनी मॅडमनी फोनवर मेल उघडून बघितला. १० वाजून १० मिनिटांनी स्क्रिप्ट पुन्हा आली तेव्हा तो मेल 'वाचलेला' झालेला, त्यामुळे तिच्या लेखी तो नाहीच. ते बिल आता कधीच उतरणार नाही, आणि लॉगमध्ये एक ओळही पडणार नाही, कारण चूक काही झालीच नाही. उलट बाजूही तितकीच वाईट. मेल आणताना तुम्ही 'आरएफसी ८२२', म्हणजे अख्खा मेल, मागता. तो मागितला की सर्व्हर मेल देतो आणि त्याच क्षणी 'वाचलेला' ही खूण लावून मोकळा होतो. त्यानंतर डिस्क भरली, वीज गेली, पीडीएफ लिहिताना काही फाटलं, तर पुढच्या फेरीत तो मेल 'अनसीन'मध्ये येत नाही. आणि ज्या मेलमध्ये पीडीएफ नव्हती, ते मॅडमच्या स्क्रीनवर ठळक अक्षरं गमावून बसतात. त्यांची तक्रार अगदी रास्त आहे.

यावरचा इलाज सोपा आहे. सिलेक्ट करताना 'रीडओन्ली' खरं ठेवा. मग लायब्ररी 'सिलेक्ट'ऐवजी 'एक्झामिन' कमांड पाठवते आणि त्या सत्रात सर्व्हर कुठलीच खूण बदलू देत नाही. शिवाय 'आरएफसी ८२२'च्या जागी 'बॉडी डॉट पीक' आणि पुढे रिकामे चौकोनी कंस असं मागा. पीक म्हणजे डोकावणं; मजकूर तोच मिळतो, खूण उमटत नाही. दोन्ही करा. एकात चूक झाली तर दुसरं सांभाळून घेतं.

आता तुमच्या लॉगमधली ती ननटाइपची चूक. मला वाटतं खरा घोळ इथे आहे आणि तो बघण्यासारखा आहे.

साधा 'सर्च' जे आकडे देतो ते मेलचे अनुक्रमांक असतात: फोल्डरमधला पहिला, दुसरा, तिसरा. रांगेत उभ्या माणसांसारखे. पुढचा एक निघून गेला की मागचे सगळे एकेक पाऊल पुढे सरकतात. समजा सर्चनं १, २, ३, ४, ५ असे आकडे दिले आणि पाचही मेलमध्ये बिल आहे. तुमचा लूप पहिला मेल उतरवतो, 'झालेले'मध्ये कॉपी करतो, 'डिलीटेड' खूण लावतो आणि लगेच 'एक्स्पंज' करतो, म्हणजे खूण लावलेला मेल कायमचा काढतो. त्या क्षणी जुना दुसरा मेल १ नंबरवर आला, जुना तिसरा २ वर. तुमचा लूप आता २ मागतो आणि त्याला मिळतो जुना तिसरा. जुना दुसरा तसाच राहिला. तिसरा निघाल्यावर रांगेत जुने २, ४, ५ उरले. लूप ३ मागतो, मिळतो जुना पाचवा. आता रांगेत दोघंच आहेत आणि लूप ४ मागतो. काही सर्व्हर इथे सरळ चूक देतात, काही 'ओके' म्हणून रिकामं उत्तर देतात, आणि इमॅपलिब त्या रिकाम्या उत्तराचं नन (पायथनच्या भाषेत 'काहीच नाही') करते. त्या ननला तुम्ही चौकोनी कंस लावलात की पायथन ओरडतो. तो ओरडतो ते चौथ्या आणि पाचव्या नंबरला. वगळले गेले दुसरा आणि चौथा. म्हणून लॉग बघून तुम्ही भलत्याच मेलचा शोध घेत होता.

राहिलेले दोन पुढच्या फेरीत १ आणि २ म्हणून येतात, त्यातला पुन्हा एकच निघतो, दुसरा त्याच्या पुढच्या फेरीत. ही तुमची 'उशिरा येणारी' बिलं. दरम्यान मॅडमनी तो मेल उघडला तर ते 'न येणारं' बिल झालं. दोन तक्रारींच्या मागे हीच दोन कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत, त्यामुळे एक दुरुस्त करून बघितलं की फरक पडल्यासारखा वाटतो आणि आठवड्यानं तेच पुन्हा सुरू होतं.

म्हणून अनुक्रमांक सोडा आणि यूआयडी वापरा. प्रत्येक मेलला फोल्डरमध्ये येताना एक आकडा मिळतो, तो वाढतच जातो आणि मेल गेला तरी दुसऱ्याला दिला जात नाही. इमॅपलिबमध्ये 'यूआयडी' नावाचं फंक्शन आहे. त्यालाच पहिला शब्द म्हणून 'सर्च', 'फेच', 'स्टोअर', 'कॉपी' द्यायचा. नुसतं सर्च यूआयडीनं केलं आणि फेच साधं ठेवलं, असं अर्धवट करू नका. ४५१२ हा यूआयडी अनुक्रमांक समजून मागितला, तर मोठ्या मेलबॉक्समध्ये काहीतरी मेल मिळतोसुद्धा, फक्त तो भलताच असतो.

एवढं झालं की मुख्य काम. पूर्वीच्या ऑफिसात, आणि सरकारी कचेऱ्यांत आजही, टेबलावर आवक-जावक रजिस्टर असतं. टपाल आलं की आवक क्रमांक, तारीख, कोणाकडून, काय, अशी नोंद. पत्र मग साहेबांकडे जाओ, फाइलला लागो की कोणी वाचून परत ठेवो. आलं की नाही हे रजिस्टर सांगतं, पत्राच्या पाकिटाची अवस्था नाही. तुमच्या स्क्रिप्टला असंच रजिस्टर हवं, आणि ते तुमच्या कॉम्प्युटरवर हवं. एस्क्यूलाइट या साध्या डेटाबेसची एक छोटी फाइल पुरे. प्रत्येक नोंदीत फोल्डरचं नाव, यूआयडी व्हॅलिडिटी, यूआयडी, मेसेज आयडी, पाठवणाऱ्याचा पत्ता, पीडीएफचा एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा), कुठे ठेवली तो पत्ता, आणि स्थिती: उतरली, पीडीएफ नव्हती, किंवा चूक.

यूआयडी व्हॅलिडिटी हा शब्द बरेच जण वगळतात. सर्व्हर बदलला, फोल्डर काढून त्याच नावानं पुन्हा केला, जुन्या बॅकअपवरून मेल परत आणले, की यूआयडी नव्यानं वाटले जातात. आपण दिलेले जुने आकडे आता ग्राह्य नाहीत, हे सर्व्हर या एका आकड्यातून सांगतो. सिलेक्ट केल्यावर इमॅपलिबच्या 'रिस्पॉन्स' फंक्शनला हे नाव देऊन तो आकडा मिळतो. मागच्या वेळेसारखाच असेल तर पुढे चला. बदलला असेल तर त्या फोल्डरचे सगळे मेल पुन्हा तपासा. बिलाची दुहेरी नोंद हॅशमुळे होणार नाही.

मग रोजचं काम सरळ होतं. रजिस्टरमधला सर्वांत मोठा यूआयडी घ्या, समजा ४५११, आणि '४५१२ ते तारा' एवढी रेंज मागा. इथे एक खोच आहे. तारा म्हणजे 'फोल्डरमधला शेवटचा'. नवीन काहीच आलं नसेल तर शेवटचा म्हणजे ४५११, आणि रेंज उलटी असली तरी चालते असा नियम असल्यामुळे सर्व्हर ४५११ परत देतो. म्हणजे नवीन मेल नसतानाही एक मेल दर फेरीला येत राहतो. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा सर्व्हरमध्येच बग आहे असं समजून दुपार घालवली होती. नियमच तसा आहे. मिळालेल्या यादीतून ४५११ पर्यंतचे आकडे गाळा, संपलं.

क्रमही सांभाळा. पीडीएफ आधी तात्पुरत्या नावानं लिहा, फाइल पूर्ण झाल्यावर खऱ्या नावावर आणा, मग रजिस्टरमध्ये नोंद, आणि त्यानंतरच मेल हलवायचा असेल तर हलवा. मधे कुठेही वीज गेली तरी फार तर एक काम दुसऱ्यांदा होतं. उलट क्रमात काम हरवतं. मेल हलवणं मी वेगळ्या स्क्रिप्टला देतो, दिवसातून एकदा, रजिस्टरमध्ये 'उतरली' असलेलेच यूआयडी घेऊन. सर्व्हरला 'मूव्ह' येत असेल तर कॉपी, डिलीटेड, एक्स्पंज हा तीन पायऱ्यांचा खेळही नको. आणि खरं सांगायचं तर हलवण्याची गरज तपासून बघा. रजिस्टर असल्यावर 'झालेले' हा फोल्डर फक्त माणसांच्या सोयीसाठी उरतो. मॅडमना तो हवाय का, ते त्यांनाच विचारा.

स्क्रिप्टच्या शेवटी 'क्लोज' असेल तर तेही बघा. लिहिण्याच्या परवानगीनं उघडलेल्या फोल्डरवर क्लोज केलं की 'डिलीटेड' खूण असलेले सगळे मेल कायमचे जातात, तुमच्या स्क्रिप्टनं खूण लावलेले असोत की साहेबांच्या लॅपटॉपनं. पायथन ३.९ पासून 'अनसिलेक्ट' आहे. ते वापरा, किंवा सरळ 'लॉगआउट' करा.

आता पॉप. पॉप ३ चा आजही लागू असलेला नियम, आरएफसी १९३९, मे १९९६ चा. मेल एका कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा आणि सर्व्हर रिकामा करायचा, ही त्यामागची कल्पना. इमॅप १९८६ मध्ये स्टॅनफर्डला मार्क क्रिस्पिन यांनी सुरू केलं ते याच्या उलट विचारानं: मेल सर्व्हरवरच राहील आणि अनेक ठिकाणांहून तो वाचता येईल. तुमचं ऑफिस दुसऱ्या प्रकारचं आहे. पॉपला फक्त इनबॉक्स दिसतो, फोल्डर दिसत नाहीत, शोध घेता येत नाही. 'डिलीट' सांगितलं तरी खरं डिलीट 'क्विट' म्हटल्यावरच होतं. मधेच जोडणी तुटली तर सगळे मेल जागच्या जागी राहतात आणि पुढच्या फेरीत पुन्हा येतात.

माझा पॉपचा धडा महागात पडलेला आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकासाठी पॉपलिबनं ऑर्डरचे मेल उतरवायची स्क्रिप्ट लिहिली. मेल आणा, फाइलमध्ये लिहा, डिलीट सांगा. फाइल लिहिणं मी ट्राय-एक्सेप्टमध्ये ठेवलं होतं आणि एक्सेप्टमध्ये 'पास', म्हणजे चूक झाली तरी गप्प पुढे जा. एका शनिवारी डिस्क भरली. लिहिणं फसत होतं, पास होत होतं, डिलीट होत होतं, आणि शेवटी क्विट व्यवस्थित होत होतं. सोमवारी सकाळी सर्व्हर स्वच्छ आणि फोल्डरही स्वच्छ. ऑर्डर देणाऱ्यांना एकेक फोन करून मेल परत मागवले. मालक काही बोलले नाहीत, फक्त त्या महिन्याचं बिल मी पाठवलं नाही. तुमच्या कोडमध्येही तो 'पास' आहे असं तुम्ही लिहिलंय. तो आजच काढा. चूक झाली की रजिस्टरमध्ये 'चूक' लिहा, कारण लिहा आणि पुढच्या मेलकडे जा.

(पॉपलिब नाइलाजानं वापरावीच लागली तर एक लक्षात ठेवा: ती २०४८ बाइटांपेक्षा लांब ओळ आली की 'लाइन टू लाँग' म्हणून थांबते, आणि लांबच लांब एचटीएमएल एका ओळीत कोंबणारे मेल पाठवणारे पुष्कळ आहेत.)

आता मेल फोडण्याबद्दल. इमॅपलिब १९९७ ची आहे आणि वयाला शोभेल इतकी रोखठोक आहे: सर्व्हर जे बोलला ते जवळपास तसंच तुमच्या हातात देते. फेचचं उत्तर ही एक यादी असते, तिच्यात मेलसाठी दोन भागांची जोडी आणि मागोमाग नुसता बंद कंस असलेला बाइटचा तुकडा. यादीतली जी गोष्ट टपल, म्हणजे ती जोडी, आहे तीच घ्या, बाकी सोडा. मिळालेले बाइट 'मेसेज फ्रॉम बाइट्स'ला द्या, आणि सोबत पॉलिसी म्हणून 'पॉलिसी डॉट डिफॉल्ट' द्यायला विसरू नका. ती दिली नाही तर पायथन जुन्या पद्धतीनं चालतो आणि विषय सांकेतिक स्वरूपातच हाती ठेवतो. बरोबरच्या चिन्हानं आणि प्रश्नचिन्हानं सुरू होणारी ती लांबलचक ओळ, जिला तुम्ही कचरा म्हणताय, ती हीच.

मेलच्या हेडरमध्ये मुळात साधी इंग्रजी अक्षरंच चालत, म्हणून इतर लिप्या सांकेतिक तुकड्यांत बांधून पाठवतात. एका तुकड्याची लांबी जास्तीत जास्त ७५. यूटीएफ-८ (लिपीची चिन्हं बाइटांत) आणि बेस ६४ (ते बाइट साध्या अक्षरांत) असेल तर १२ अक्षरं वेष्टनालाच जातात. उरलेल्या ६३ मध्ये चार-चारचे १५ गट बसतात, म्हणजे ४५ बाइट. नागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडणारा हलन्त, ही सगळी स्वतंत्र चिन्हं. आता 'सप्टेंबरची खरेदी बिले' हा विषय घ्या. 'सप्टेंबरची' १० चिन्हं, ३० बाइट. मधली मोकळी जागा १ बाइट, झाले ३१. 'खरेद' इथपर्यंत चार चिन्हं, १२ बाइट, झाले ४३. आता वेलांटीला ३ हवेत आणि तुकड्यात उरलेत २. नियम म्हणतो की चिन्ह तोडायचं नाही, तुकडा आधीच संपवायचा. पण काही बिलिंग सॉफ्टवेअर आंधळेपणानं ४५ वर कापतात, आणि मग प्रत्येक तुकडा वेगळा उलगडला की 'खरेद'नंतर चौकोनी प्रश्नचिन्हं येतात. तुमच्याकडे असे मोजके मेल दिसूही शकतील. त्यांच्यासाठी 'डीकोड हेडर' हे जुनं फंक्शन वापरा. ते एकाच संचातले लागोपाठचे तुकडे आधी बाइट म्हणून जोडतं, त्यामुळे वेलांटी पुन्हा जुळते.

विषयापेक्षा फाइलच्या नावाची मला जास्त काळजी आहे. तुम्ही पीडीएफ आलेल्या नावानंच ठेवता असं दिसतंय. किती व्यापारी 'इन्व्हॉइस डॉट पीडीएफ' किंवा 'स्कॅन ०००१' नावानं पाठवतात? दुसऱ्याचं पहिल्यावर बसतं आणि पहिलं गेलं. 'न येणाऱ्या' बिलांमधली काही इथे गेली असतील, आणि यूआयडी कितीही नीट केले तरी ती सापडणार नाहीत. फाइलचं नाव स्वतः द्या: तारीख, यूआयडी आणि हॅशची पहिली ८-१० अक्षरं. मूळ नाव रजिस्टरमध्ये ठेवा. बाहेरून आलेल्या नावावर विश्वास ठेवून फाइल लिहिणं तसंही धोक्याचं. नावात दोन टिंबं आणि तिरकी रेघ घालून कोणी तुमच्या दुसऱ्याच फोल्डरमध्ये फाइल घुसवू शकतो.

पीडीएफ शोधताना 'आयटर अटॅचमेंट्स' सोयीचं वाटतं, पण ते वरच्या थरातलेच भाग बघतं, आणि अख्खा मेल म्हणजेच एक पीडीएफ असेल तर रिकामं परत येतं. काही स्कॅनर थेट असेच मेल पाठवतात. त्यापेक्षा 'वॉक'नं सगळे भाग फिरा. फॉरवर्ड केलेला मेल अटॅचमेंट म्हणून आला असेल तर वॉक त्याच्याही आत शिरतो. प्रकार 'ॲप्लिकेशन पीडीएफ' आहे का एवढंच बघू नका, बरेच जण 'ऑक्टेट स्ट्रीम' लावून देतात. नावाचा शेवट बघा, आणि मजकूर उलगडल्यावर पहिले बाइट टक्केचिन्ह आणि पीडीएफ या अक्षरांचे आहेत का तेही बघा. कधी 'विनमेल डॉट डॅट' नावाची फाइल मिळेल. ती आउटलुकची स्वतःची बांधणी, बिल तिच्या आत असतं. ती रजिस्टरमध्ये 'चूक' म्हणून लिहा आणि माणसाकडे पाठवा. महिन्याला दोन-चार आले तर त्यासाठी कोड लिहायची गरज नाही.

तारखेनं शोधायचं असेल तर एक खास आपला खड्डा आहे. इमॅपला '०१-एप्रिल-२०२५' अशी तारीख इंग्रजी महिन्याच्या पहिल्या तीन अक्षरांत हवी असते. ती 'एसटीआरएफटाइम'नं बनवली आणि स्क्रिप्टमध्ये कुठेतरी लोकेल (भाषेची सेटिंग) मराठी केलेलं असेल, रिपोर्ट मराठीत छापायला लोक करतात, तर महिना नागरीत छापला जातो आणि सर्व्हरला काही कळत नाही. बारा महिन्यांची इंग्रजी यादी हातानं लिहा. दुसरं, 'सिन्स' ही कमांड मेल सर्व्हरवर कधी पोचला ते बघते, 'सेंटसिन्स' मेलवर छापलेली तारीख बघते. पाठवणाऱ्याच्या कॉम्प्युटरचं घड्याळ चुकीचं असू शकतं, म्हणून सिन्स. 'झालेले' हे नागरी नाव तुम्ही सर्व्हरला कसं दिलंत कोण जाणे; इमॅपमध्ये फोल्डरची नावं यूटीएफ-७ च्या एका बदललेल्या रूपात जातात आणि इमॅपलिब ते रूपांतर स्वतः करत नाही. सर्व्हरच्या यादीतून आलेलं नाव जसंच्या तसं वापरा. नावात मोकळी जागा असेल तर दुहेरी अवतरणचिन्हंही आपणच घालायची. जीमेलमध्ये तर खात्याची भाषा बदलली की 'ऑल मेल'सारख्या फोल्डरचं नावही बदलतं. तिथे नावापेक्षा यादीत सोबत येणारी 'ऑल', 'सेंट' अशी खूण बघा.

लॉगिनबद्दल थोडक्यात. ३० मे २०२२ पासून वैयक्तिक जीमेलला साध्या पासवर्डनं असं आत जाता येत नाही. द्विस्तरीय पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड घ्या. मायक्रोसॉफ्टनं एक्स्चेंज ऑनलाइनमधला साधा पासवर्ड १ ऑक्टोबर २०२२ पासून बंद करायला घेतला. तिथे ओऑथ, म्हणजे पासवर्डऐवजी टोकन, लागतं. 'ऑथेंटिकेट'ला 'एक्सओऑथ २' देताना टोकनची ओळ स्वतः बेस ६४ करू नका, लायब्ररी ते करतेच, आणि दोनदा झालं की सर्व्हर कारण न सांगता नाकारतो. पासवर्ड कोडमध्ये लिहू नका, हे तुम्हाला सांगायला नको. पण हे सांगायला हवं: 'इमॅप फोर एसएसएल'ला (सुरक्षित जोडणीच्या फंक्शनला) तुम्ही स्वतः कॉन्टेक्स्ट, म्हणजे सुरक्षेच्या सेटिंगचा संच, दिला नाही तर ती सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासत नाही. जोडणी कूटबद्ध असते, पण पलीकडे नक्की कोण आहे ते कोणी बघितलेलं नसतं. 'क्रिएट डिफॉल्ट कॉन्टेक्स्ट' बनवून तो द्या. टाइमआउटही द्या, नाहीतर एखादी जोडणी लटकली की स्क्रिप्ट तासन्‌तास तशीच उभी, दर १० मिनिटांनी मागून दुसरी येऊन तिच्याशेजारी उभी. लॉक फाइल, म्हणजे 'आधीची अजून चालू आहे' हे सांगणारी फाइल, ठेवलीत तर हे टळेल. जीमेल एका खात्याला एका वेळी १५ इमॅप जोडण्याच देतं, त्यात मॅडमचा फोनही आला.

'आयडल'च्या, म्हणजे जोडणी उघडी ठेवून नव्या मेलची वाट बघण्याच्या, नादी लागू नका. मेल आल्याबरोबर कळतं खरं, पण दर २९ मिनिटांच्या आत ते नव्यानं सुरू करत राहावं लागतं आणि तुटलेली जोडणी ओळखावी लागते. १० मिनिटं उशिरानं तुमचं काय बिघडतं?

लायब्ररी बदलायची असेल तर आयमॅपक्लायंट घ्या. ती मुळातच यूआयडीवर चालते, प्रमाणपत्र तपासते आणि उत्तरं माणसाला समजतील अशी देते. इमॅप टूल्स आणखी सोपी आहे, फक्त तिच्या फेचमध्ये 'मार्क सीन' आपोआप खरं असतं. खोटं करायला विसरलात तर मॅडम पुन्हा तुमच्या टेबलाशी.

राहिलेली बिलं परत मिळतील, ओव्हरराइट झालेलीसुद्धा, कारण तुमचे मेल सर्व्हरवरच आहेत. नवी स्क्रिप्ट तयार झाली की इनबॉक्स आणि 'झालेले' दोन्ही फोल्डर १ एप्रिलपासून, वाचलेले-न वाचलेले न बघता, पीक वापरून एकदा पूर्ण फिरवा. ज्या पीडीएफचा हॅश तुमच्या जुन्या फोल्डरमध्ये नाही ती हरवलेली. खातं जीमेलचं असेल तर इमॅपनं दिवसाला २५०० एमबीच उतरवता येतं, आणि अटॅचमेंट बेस ६४ मध्ये येत असल्यामुळे १ एमबीची पीडीएफ साधारण सव्वा ते दीड एमबी खाते. वर्षभराचा ढिगारा दोन-तीन रात्रींत विभागा. महिन्याच्या २० तारखेच्या आसपास, जीएसटीच्या ३-बी विवरणपत्राच्या गर्दीत, हे काढू नका.

आणि पहिल्यांदा चालवाल तेव्हा मॅडमना शेजारी बसवा. आधी न वाचलेल्या मेलचा आकडा कागदावर लिहायला सांगा, स्क्रिप्ट चालवा, पुन्हा आकडा बघा. मधे नवा मेल आला तर तो वाढेल, ते ठीक. मॅडमनी स्वतः काही उघडलेलं नसताना एकानंही कमी झाला असेल तर पीक कुठेतरी सुटलंय.